राणीच्या पायानं चालणारं राज्य

उस्ताद इद्रीस यांचं नाव सगळ्यात आधी लिहितो. मग बबनदाचं, मग शशी टेलरचं. बबनदा आणि शशी इथेच आहेत, रोज भेटतात, त्यांचे आभार मानले तर शिव्या देतील. उस्ताद आता इथे नाहीत. म्हणून लिहायला बसलो. माझी शाळा आठवीत सुटली, लिहायचा सराव नाही, आणि काहीतरी राहून जाईल ही धास्ती पहिल्या ओळीपासून आहे. पण धास्ती मला सगळ्याचीच असते. बसमध्ये चढलो की मी खिशातलं सीपीआर कार्ड, म्हणजे इथलं ओळखपत्र, चाचपतो, उतरताना पुन्हा चाचपतो. उस्ताद म्हणायचे, "दिगू, ते कार्ड पळून जाणार नाही. त्याला पाय कुठे आहेत?"

पायांबद्दल ते फार बोलायचे. का ते पुढे येईल.

बहारीनमध्ये सित्र्याला आमची एसी दुरुस्तीची कंपनी. मी तिथे फिटर होतो आणि उस्ताद स्टोअरकीपर. एका गोडाऊनवरचं युनिट उतरवताना शिडी सरकली आणि मी खाली आलो. उजवा पाय घोट्याच्या वर मोडला. प्लास्टर काढलं तेव्हा हाड जुळलेलं होतं, पण टाच पुरती टेकत नव्हती. फोरमन वाईट माणूस नव्हता. तरी तो म्हणाला, "शिडी चढता येत नाही तर मी तुला काम काय देऊ? गावी जा, बरा हो, मग बघू." ह्या 'मग बघू'चा अर्थ इथे सगळ्यांना कळतो. व्हिसा कॅन्सल. गावी, देवगडजवळ, माझी आई, बायको, पोरं, आणि चिऱ्याच्या भिंती उभ्या राहिलेलं, वर छप्पर नसलेलं घर. मी फोरमनसमोर उभा राहून नुसता मान हलवत होतो.

स्टोअरच्या जाळीमागे हे सगळं ऐकत असलेला एक उंच, पिकल्या केसांचा सुदानी माणूस बाहेर आला. दोन्ही गालांवर लहानपणी काढलेल्या तीन-तीन उभ्या खुणा. फोरमनला म्हणाला, "ह्याला मला दे. मला बसून काम करणारा माणूस पाहिजे. उभे राहणारे सगळे माझ्या वस्तू हरवतात."

एवढंच. एवढ्यावर माझं छप्पर झालं.

स्टोअरमध्ये सगळ्या खोक्यांवर इंग्रजी. मला अक्षरं यायची, शब्द जुळायचा नाही. पहिल्याच सकाळी एकानं कपॅसिटर मागितला तर मी कॉन्टॅक्टर काढून दिला. आता गेली नोकरी, असं वाटलं. उस्ताद रागावले नाहीत. ते मुळात शाळेत इतिहास शिकवणारे. त्यांनी स्टूल ओढलं आणि म्हणाले, "माझ्या गावाजवळ पिरॅमिड आहेत."

"इजिप्तला?"

देवगडच्या माणसाच्या हातातल्या पेटीला कुणी रत्नागिरी हापूस म्हणावं, तसं त्यांचं तोंड झालं. "सुदानला! आमचे जास्त आहेत. आणि उभे, सडसडीत. इजिप्तचे म्हणजे बसलेल्या म्हशी." मग शांत होऊन म्हणाले, "त्या राज्याचं नाव कुश. त्यांची लिपी आज वाचता येते. मोठ्यानं वाचून दाखवता येते. पण त्यात म्हटलंय काय, ते अजून फारसं कुणाला कळत नाही. मोठे मोठे विद्वान वाचतात आणि गप्प बसतात. तूही तसंच कर. आधी आवाज काढ. अर्थ येईल तेव्हा येईल, इंशाल्ला."

कुश म्हटल्यावर मी हळूच म्हणालो, "आमच्याकडे त्याचा भाऊ लवपण आहे." मग त्यांना लव-कुशाची सगळी गोष्ट सांगावी लागली. त्यांनी ती गंभीरपणे ऐकली आणि विचारलं, "आणि त्यांची आई? राज्य तिला का नाही दिलं?"

तेव्हापासून मी दिवसभर खोकी वाचत बसायचो. क-पॅ-सि-टर. थर-मो-स्टॅट. फोरमनला वाटायचं मी कसला जप करतोय. हळूहळू अर्थही आले.

एका गुरुवारी उस्ताद म्हणाले, "उद्या माझ्या देशात ये. चहाला."

"सुदानला?"

"नईमला."

बबनदा कंपनीची बस चालवतो. आमच्याच बाजूचा, वयानं मोठा, तोंडानं फटकळ. शुक्रवारी दुपारनंतर तो मला नईम वस्तीतल्या एका जुन्या इमारतीपाशी घेऊन गेला. गच्चीवर पोचेपर्यंत माझा पाय ठणकत होता. गच्चीच्या दारात जमिनीवर पांढऱ्या रंगाची एक रेघ मारलेली. रेघेपलीकडे चार-पाच माणसं. दोघं-तिघं सुदानी, आणि खालच्या मजल्यावरचा केरळी टेलर शशी. शशी चहाचं ताट घेऊन येत होता. लंगडत. त्याच्यामागून साखर घेऊन येणारा लंगडत. आणि दोन्ही हात पसरून माझ्याकडे येणारे उस्ताद, तेही लंगडत.

बबनदा माझ्या कानाशी म्हणाला, "दिग्या, हे तुजी नक्कल करतत रे! चल खाली. हेंका मी नंतर दाखयतंय."

ज्या माणसानं मला ठेवून घेतलं त्यानंच माणसं जमवून माझी थट्टा करावी? मी वळलो आणि कठडा धरून उतरायला लागलो. मागून धाडधाड पावलं आली. रेघ ओलांडल्याबरोबर उस्ताद सरळ चालत होते, दोन-दोन पायऱ्या सोडत. ते बघून तर मला जास्तच लागलं.

"थांब, थांब, या सदीक, मित्रा! चूक माझी. आधी सांगायला पाहिजे होतं." त्यांनी मला पायरीवरच बसवलं, स्वतः खालच्या पायरीवर बसले. "आमच्या जुन्या राजांबद्दल परदेशी लोक एक गोष्ट लिहून गेलेत. राजाचा पाय अधू झाला तर त्याचे सोबती आपणहून लंगडायचे. राजा लंगडतोय आणि मी सरळ चालतोय, ह्याची त्यांना लाज वाटायची. हा आमच्या देशाचा कायदा आहे. आमची राणी डाव्या पायानं अधू आहे, म्हणून वर सगळे डाव्या पायानं लंगडतात. बघ नीट. तुझा तर उजवा आहे."

"कुठली राणी?"

"माझी बहीण. हज्जा कल्तूम."

हज्जा कल्तूम त्यांच्यापेक्षा मोठ्या. पिरॅमिडजवळच्या गावात राहायच्या. आई लवकर गेली, ह्यांना त्यांनीच वाढवलं. लहानपणी तापात त्यांचा पाय गेला. धाकट्या भावाला शाळेत पोचवायला रोज लंगडत जायच्या, आणि रस्त्यातली पोरं मागून त्यांच्या चालीची नक्कल करायची. लहानग्या इद्रीसला एवढ्या पोरांशी मारामारी जमणार नव्हती. मग एक दिवस तोही बहिणीशेजारी लंगडायला लागला. दोघं लंगडताना बघून पोरांना कळेना, चिडवायचं कुणाला. "राज्याची स्थापना त्या दिवशी झाली," उस्ताद म्हणाले. "गच्ची नंतर मिळाली."

कुशमध्ये बायका गादीवर बसायच्या, त्यांना कंदाके म्हणत. एक कंदाके एका डोळ्याची होती आणि ती रोमच्या बादशहाशी लढली. "आमची एका पायाची. ती माझ्याशी लढली, म्हणून मी शिकलो. मी राजा नाही हां, दिगू. मी बहारीनमधला राजदूत."

पुन्हा वर गेलो तेव्हा रेघेवर वेगळाच खल सुरू झाला. शशीचं म्हणणं पडलं, "उस्ताद, इसका तो दूसरा पाँव है. कानून में बैठता है क्या?" उस्तादांनी दाढी खाजवली आणि निकाल दिला: "आपण सगळे नकली. ह्याचा खरा आहे. हा ह्या देशाचा जन्मजात नागरिक." मग माझ्या हातावर शिक्का मारला. जुन्या चपलेच्या टाचेतून कोरलेला सिंह, निळी शाई. हाच तिथला व्हिसा. शाई धुऊन गेली की व्हिसा संपला. नवा हवा असेल तर पुढच्या शुक्रवारी चहाला यायचं. मी तो हात दोन दिवस नळाखाली धरला नाही. बबनदानंही लंगडत दोन कप चहा घेतला आणि परतताना बसमध्ये म्हणाला, "खुळो आसा तो म्हातारो. पण मिया येतलंय पुढच्या शुक्रवारी."

असं ते राज्य. झेंडा शशीनं उरलेल्या पडद्याच्या कापडातून शिवलेला, मध्ये पिरॅमिड. उस्तादांनी "उभा पाहिजे, उभा" असं इतकं बजावलं होतं की शशीनं तो त्याच्या गावच्या चर्चच्या मनोऱ्याएवढा उभा केला. बबनदाला त्यात आमच्या रवळनाथाच्या देवळाचा कळस दिसायचा. दोघांचं भांडण लागलं की उस्ताद म्हणायचे, "भांडू नका, दोघांचा देव त्यात राहील. आमच्या जुन्या लोकांना सगळे देव चालायचे."

सिंहासन म्हणजे न्हाव्याची खुर्ची. गल्लीतलं एक सलून बंद झालं तेव्हा उस्तादांनी ती फिरती, पाय ठेवायला लोखंडी पट्टी असलेली खुर्ची गच्चीवर चढवून घेतली. वर ताडपत्रीचं छत केलं. त्यावर कुणी बसायचं नाही. ती राणीची.

कुणीतरी घरमालकाला जाऊन सांगितलं की तुमच्या गच्चीवर परदेशी लोकांनी वेगळा देश काढलाय. मालक बुसैतीनला राहणारा, वयस्कर, जाडजूड बहारीनी. एका शुक्रवारी तो धापा टाकत वर आला आणि दारात उभा राहिला. मी खिशातलं कार्ड घट्ट धरलं. मनात विमानतळ दिसायला लागला.

"इद्रीस, हा काय देश आहे?"

"शेख, सैन्य मफी. जमीन मफी. मंत्री मफी, काहीच नाही. चहा आहे."

"भाडं?"

"भाडं बहारीनच्या कायद्यानं."

मालकानं झेंड्याकडे बघितलं, न्हाव्याच्या खुर्चीकडे बघितलं, आम्हा लंगड्यांकडे बघितलं. उस्तादांनी त्याला बहिणीची गोष्ट सांगितली, अरबीत, मला शब्द कळले नाहीत. मग मालकानं आपला पांढरा झगा एका हातानं वर धरला, रेघ ओलांडली आणि डाव्या पायानं लंगडत येऊन चटईवर बसला. चहा पिऊन जाताना एवढंच म्हणाला, "झेंडा कठड्याच्या खाली ठेवा. खलास."

पुढे तो भाडं घ्यायलाही लंगडत यायचा.

हज्जांना एकदा इथे आणायचं, त्या खुर्चीत बसवायचं, ही उस्तादांची एकच इच्छा. त्या गाव सोडायला तयार नसायच्या. शेळ्यांचं कोण बघेल, म्हणायच्या. शेवटी एका वर्षी हो म्हणाल्या. ईद भावाकडे. व्हिजिट व्हिसा आला त्या दिवशी उस्तादांनी स्टोअरमध्ये सगळ्यांना खजूर वाटले. त्या शुक्रवारी त्यांनी मला खुर्चीपाशी बोलावलं आणि म्हणाले, "बस."

"मी? त्याच्यावर?"

"तुझ्याशिवाय कुणाला कळणार? पाय ठेव. टाचेला कुठं टोचतं ते सांग."

मी बसलो. ते माझ्यापुढे जमिनीवर गुडघे टेकून बसले, पट्टी वर-खाली करत, विचारत, "इथे? आता? आता दुखतं?" मी नाही म्हटलं तरी त्यांना खोटं वाटायचं. शशीनं पट्टीला स्पंज लावून वर मखमल शिवली. एवढ्या वर्षांत माझ्या दुखण्याचा कुणाला उपयोग झाला तो तेवढाच. मला त्या खुर्चीत बसून रडू आलं, आणि मी ते ऊन डोळ्यांवर येतंय असं सांगितलं.

विमानासाठी हज्जा गावातून खार्तुमला गेल्या, भाचीकडे उतरल्या. रमझानचे शेवटचे दिवस होते. आणि त्याच शहरात लढाई सुरू झाली. विमानतळ सगळ्यात आधी बंद पडला. स्टोअरमध्ये कुणाच्यातरी मोबाईलवर धावपट्टीवर जळणारं विमान दिसत होतं. उस्ताद ते बघत होते आणि हातातला कपॅसिटर एका खोक्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून पहिल्यात ठेवत होते.

"गावात लढाई नाही," ते म्हणाले. "गावात काही नाही. मी बोलावलं म्हणून ती शहरात आहे."

मी त्यांच्या हातातला कपॅसिटर घेतला आणि त्याच्या खोक्यात ठेवला.

मधून मधून हज्जांचा आवाज फोनवर यायचा, रेकॉर्ड करून पाठवलेला. खर्जातला, हसरा आवाज. उस्ताद आम्हाला अर्थ सांगायचे. पाणी नाही. वीज नाही. गल्लीतले लोक गाव गाठायला निघालेत, मीही निघते. मग शेवटचा आला. तो गच्चीवर आम्ही सगळ्यांनी ऐकला. मागे माणसांच्या चालण्याचा आवाज होता. उस्ताद थांबून थांबून सांगत होते: "म्हणते, गाडी पुढे जात नव्हती, आम्ही चालतोय. म्हणते, मी मागे पडते म्हणून सगळी गल्ली हळू चालतेय. मी ओरडते की पुढे व्हा, तर ऐकत नाहीत. म्हणते, इद्रीस, तुझा तो खुळा कायदा इथपर्यंत पोचलाय."

त्यानंतर फोन लागला नाही.

ते दिवस कसे गेले ते मला नीट सांगता येणार नाही. उस्ताद कामावर येत होते. शुक्रवारी चहा होत होता. रेघ ओलांडली की ते पूर्वीपेक्षा जास्त लंगडायचे, इतकं की घरमालक म्हणाला, "इद्रीस, कंबर जाईल." ते म्हणाले, "बातमी नाही, म्हणजे राणी आहे. राणी आहे तोवर कायदा आहे. यल्ला, चहा ओता." मी रोज देवापुढे हात जोडत होतो. आमचा देव तिकडे ओळखीचा नाही, तरी सांगून बघत होतो. बबनदा तर त्यांच्यादेखत खुर्ची पुसायचा, हज्जा उद्याच यायच्या असल्यासारखी.

मग तो शुक्रवार. आम्ही आधीच वर होतो. शशी ताट घेऊन लंगडत येत होता, बबनदा चटई झटकत होता, मी कप लावत होतो. उस्ताद दारात दिसले. त्यांनी रेघ ओलांडली.

आणि सरळ चालत आत आले.

शशीनं ताट खाली ठेवलं. एक सुदानी उठून उभा राहिला आणि दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभा राहिला. बबनदा चालत जाऊन कठड्याशी आमच्याकडे पाठ करून थांबला, तोही सरळ चालत गेला. एकेक करून सगळ्यांची लंगडी चाल सुटली. मला उस्तादांकडे जायचं होतं. मी निघालो, आणि त्या एवढ्याशा गच्चीवर लंगडत जाणारा मी एकटा होतो. मला थांबवता येईना. किती जपून पाऊल टाकलं तरी टाच टेकेना. उस्ताद माझ्या पायाकडे बघत राहिले आणि मग एवढा उंच माणूस खाली बसला.

हज्जा वाटेतच गेल्या. उन्हानं, तहानेनं. गल्लीतल्या लोकांनी रस्त्याकडेला जागा बघून पुरलं आणि ते पुढे गेले. एक शेजारी गावी पोचला, तेव्हा कळलं.

बऱ्याच वेळानं उस्ताद म्हणाले, "जुन्या कायद्यात पुढचं कलमही आहे. राजा गेला की सोबती मागे राहत नसत."

"गप ऱ्हवा, उस्ताद!" बबनदा कठड्याकडूनच मालवणीत ओरडला. त्यांना ती भाषा येत नव्हती, पण कळलं.

शशी हळूच म्हणाला, "अपने देश में वो कानून नहीं है. हमने लिया ही नहीं था."

त्यांनी नोकरी सोडली. ती जागा शोधायची, दगड लावायचा आणि मग गावी शेळ्या बघायच्या, एवढं ठरवलं होतं. फोरमननं समजावलं, लढाई चालू आहे. घरमालकानं समजावलं. मी काही समजावलं नाही; माझी तोंड उघडायची हिंमत झाली नाही, कारण मी बोललो असतो तर 'मला सोडून जाऊ नका' एवढंच बोललो असतो. स्टोअरच्या किल्ल्या त्यांनी फोरमनसमोर माझ्या हातात दिल्या. "हा सगळं वाचतो," म्हणाले. "अर्थासकट."

बबनदानं कंपनीची रिकामी बस मागून घेतली आणि आम्ही त्यांना विमानतळावर सोडायला गेलो. जेद्दाला उतरून पुढे पोर्ट सुदान. बॅग लहान होती. दारापाशी त्यांनी खिशातून तो चपलेच्या टाचेचा शिक्का काढला, त्यावर फुंकर घातली, आणि माझ्या हातावर दाबला. शाई सुकत आलेली, सिंह अर्धाच उमटला.

"धुवायचा नाही," म्हणाले.

"नाही धुणार."

"धू रे. कामाचे हात आहेत. मस्करी केली." आणि त्यांनी मला छातीशी धरलं.

मग ते आत निघाले. सरळ, ताठ, त्या शुक्रवारपासून चालत होते तसे. काचेपलीकडे रांग होती. रांगेपाशी पोचायच्या आधी त्यांनी वळून बघितलं. मी काचेला हात लावून उभा होतो. त्यांनी बॅग ह्या हातातून त्या हातात घेतली आणि पुन्हा चालायला लागले. लंगडत.

बबनदानं माझं मनगट धरलं. "दिग्या," तो म्हणाला, "उजव्या पायान चलतत रे."

माझ्या पायानं. रांग पुढे सरकली तरी ते तसेच चालत होते, टाच न टेकवता, अगदी माझ्यासारखे, त्या सगळ्या घाईतल्या माणसांमधून हळूहळू, दिसेनासे होईपर्यंत.

खुर्ची अजून गच्चीवर आहे. मालकानं हलवू दिली नाही. पोर्ट सुदानला पोचलो, एवढा त्यांचा एक निरोप आला होता. नंतर फोन लागत नाही. बातमी नाही म्हणजे उस्ताद आहेत, असं मी धरून चालतो.

उस्ताद, तुमचं माझ्यावर फार आहे. माझ्या घरावर आता छप्पर आहे, त्याखाली माझी माणसं झोपतात. फेडण्यासारखं माझ्याकडे काय असणार? शिडी मला अजून चढता येत नाही. पण चालता येतं. ही लढाई थांबेल तेव्हा मी येईन. हज्जा जिथे थांबल्या त्या जागेपासून तुमच्या गावापर्यंतचा रस्ता चालायचा राहिलाय, तो मी चालेन. माझ्या चालीनं, लंगडतच. तुम्ही बरोबर असालच. फक्त हळू चाला.